कारखान्यांचा सेनापति : क्लॅरेन्स हाउ

महायुद्ध म्हटलें कीं डोळ्यांसमोर उभे राहतात ते सेनापति, आणि त्यांच्या पाठीमागें राष्ट्राला धीर देणारे मुख्य प्रधान. पण १९३९ सालीं सुरू झालेल्या युद्धाचा निकाल जितका रणांगणावर लागला, तितकाच तो कारखान्यांत लागला. रणांगणावरील वीरांचीं नांवें शाळेंतल्या मुलांना पाठ असतात. कारखान्यांच्या सेनापतींचीं नांवें मात्र त्यांच्या देशाबाहेर फारशीं कोणास ठाऊक नसतात. अशांपैकींच एक कॅनडाचे मंत्री क्लॅरेन्स डेकेटर हाउ. १९४० च्या वसंत ऋतूपासून युद्ध संपेपर्यंत त्या विस्तीर्ण देशाचें सारें औद्योगिक बळ या एका माणसाच्या टेबलावरून हाललें. ‘सर्व खात्यांचा मंत्री’ असें लोक त्यांना म्हणत. कधीं कौतुकानें, कधीं उपहासानें. युद्धांत ज्या स्वभावामुळें ते देशाला हवेसे झाले, त्याच स्वभावामुळें शांततेच्या काळांत देशानें त्यांना घरीं बसविलें.

हाउ हे जन्मानें कॅनेडियन नव्हतेच. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत वॉल्थॅम या गांवीं १५ जानेवारी १८८६ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील घरें बांधण्याचा व्यवसाय करीत. बोस्टन येथील प्रसिद्ध तंत्रविद्यालयांतून १९०७ सालीं इंजिनियरीची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या या तरुणास दुसऱ्याच वर्षीं हॅलिफॅक्स येथील डलहौसी विद्यापीठांत प्राध्यापकाची जागा मिळाली, आणि तेवढ्यासाठीं त्यानें सरहद्द ओलांडली. त्या वेळीं त्याचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. डलहौसी हें नांव मराठी कानांना अपरिचित नाहीं. साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं आणि नागपूरचें १८५४ सालीं खालसा करणाऱ्या गव्हर्नर जनरलचे वडील पूर्वीं कॅनडांत अधिकारावर असतां त्यांनीं हें विद्यालय १८१८ सालीं स्थापिलें होतें. पुत्राच्या नांवें आपल्याकडे जी आठवण राहिली, तिच्यापेक्षां पित्याची हॅलिफॅक्समधील आठवण खचित बरी.

प्राध्यापकी हा हाउ यांचा पिंड नव्हता. १९१३ सालीं ते कॅनडा सरकारच्या धान्य मंडळाचे मुख्य इंजिनियर झाले, आणि त्याच सुमारास त्यांनीं ब्रिटिश नागरिकत्व घेतलें. पश्चिमेकडील विस्तीर्ण माळरानावर पिकणारा गहूं आगगाडीनें सुपीरियर सरोवराच्या कांठीं यावयाचा, तेथून तो जहाजांनीं पूर्वेकडे व पुढें युरोपला जावयाचा. मध्यें हा गहूं सांठविण्यासाठीं सिमेंट-काँक्रीटच्या प्रचंड कणग्या लागत. दहा-बारा मजल्यांच्या इमारतीएवढ्या उंच अशा या कोठारांत यंत्रांच्या साहाय्यानें धान्य वर चढवितात, चाळतात, तोलतात आणि थेट जहाजाच्या पोटांत सोडतात. हीं कोठारें बांधण्याची स्वतंत्र कंपनी हाउ यांनीं १९१६ सालीं सरोवराच्या कांठच्या पोर्ट आर्थर या गांवीं काढली. पहिल्याच मोठ्या कामावर वादळ कोसळलें आणि उभें होत असलेलें बांधकाम जमीनदोस्त झालें. दुसऱ्या एखाद्यानें दिवाळें काढलें असतें. हाउ यांनीं बँकेकडून कर्ज काढून तें काम पुरें करून दिलें, आणि सास्कॅचवानच्या ज्या सहकारी शेतकऱ्यांचें तें काम होतें, त्यांनीं त्यांचा तोटा भरून दिला. पुढील पंधरा वर्षांत कॅनडांतच काय, पण दूर ब्यूनॉस आयर्सच्या बंदरांतहि त्यांच्या कंपनीचीं कोठारें उभीं राहिलीं, आणि हाउ हे चांगलेच धनवान् गृहस्थ झाले.

मग १९२९ सालानंतरची जागतिक मंदी आली. गव्हाला भाव उरला नाहीं, कोठारें बांधणार कोण ? अशा वेळीं लिबरल पक्षाचे पुढारी मॅकेंझी किंग यांना उद्योगधंद्यांचा अनुभव असलेला मनुष्य हवा होता. १९३५ च्या निवडणुकींत हाउ पोर्ट आर्थरहून निवडून आले, आणि पार्लमेंटांत पाऊल टाकतांच मंत्री झाले. रेल्वे, कालवे, बंदरें व जहाजें हीं निरनिराळीं खातीं एकत्र करून १९३६ सालीं दळणवळणाचें एकच खातें निर्माण झालें, त्याचे ते पहिले मंत्री. कॅनडाच्या राष्ट्रीय नभोवाणीची आजची संस्था ज्या कायद्यानें जन्मास आली, तो कायदाहि त्याच वर्षीं त्यांनींच पार्लमेंटांत मांडला. दुसऱ्या वर्षीं सरकारी मालकीची विमान कंपनी निघाली. ३० जुलै १९३७ रोजीं मॉन्ट्रियलहून पहांटे निघून त्याच दिवशीं संध्याकाळीं पॅसिफिकच्या कांठीं व्हॅंकूव्हरला पोंचणाऱ्या विमानांत मंत्रिमहाशय स्वतः बसले होते. वाटेंत हवा खराब होती. विमान कांहीं वेळ ढगांतूनच चाललें. तरी हाउ यांनीं तो बेत मोडूं दिला नाहीं. समाजवादाशीं त्यांचें कांहीं देणें-घेणें नव्हतें; पण एखादें काम खासगी भांडवलाकडून होत नसेल तर तें सरकारनें कंपनी काढून करावें, आणि ती कंपनी व्यापारी माणसाच्या हातीं द्यावी, हें त्यांचें सूत्र येथेंच ठरलें.

कॅनडानें १० सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें, तेव्हां देशाची लोकसंख्या सव्वा कोटीहि नव्हती, आणि कायम सैन्य पांच हजारांच्या आंतबाहेर होतें. शस्त्रास्त्रांचे कारखाने जवळजवळ नव्हतेच. त्यांतच एक जुनें लफडें आडवें आलें. १९३८ सालीं ब्रेन बंदुकांचा एक मोठा मक्ता टेंडरें न मागवितां टोरोंटोच्या एका कंपनीस दिल्याचें उघडकीस येऊन मोठा गवगवा झाला होता. त्याचा परिणाम म्हणून खरेदी मंडळाला असा दंडक घालून देण्यांत आला कीं, कोणत्याहि मक्तेदारास शेंकडा पांचांहून अधिक नफा मिळतां कामा नये. हेतु उत्तम होता. पण जोखमीचें काम एवढ्या नफ्यावर पत्करण्यास कारखानदार पुढें येईनात. पहिले सात महिने असेच गेले. अखेर ९ एप्रिल १९४० रोजीं युद्धसामग्री व पुरवठा हें नवें खातें निघालें, आणि तें हाउ यांच्याकडे आलें. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं जर्मन फौजा डेन्मार्क व नॉर्वेंत घुसल्या. जूनमध्यें फ्रान्स पडला. ब्रिटिश सेना डंकर्कहून परतली ती आपलीं बहुतेक सारीं वाहनें व तोफा मागें टाकून. तोंपर्यंत कॅनडाकडे तुटपुंज्या मागण्या पाठविणारें ब्रिटन आतां जें मिळेल तें मागूं लागलें.

त्या उन्हाळ्यांत पार्लमेंटानें या खात्याच्या मंत्र्यास जे अधिकार दिले, ते शांततेच्या काळांत एखाद्या हुकूमशहासच शोभले असते. कोणत्याहि कारखान्यास अमुकच माल तयार करा अशी आज्ञा करावी, भाव ठरवून द्यावा, कच्चा माल रोखावा किंवा वांटावा, न ऐकणाऱ्याचा कारखाना ताब्यांत घ्यावा. हाउ यांनीं या अधिकारांचें दडपण राखलें, पण प्रत्यक्ष काम त्यांनीं माणसें निवडून करविलें. देशांतील बड्या कंपन्यांचे व्यवस्थापक, बँकांचे अधिकारी, लांकडाचे व दारूचे व्यापारी, हिशेबतपासनीस यांना त्यांनीं ओटावास बोलावून घेतलें. या मंडळींना सरकार वर्षास एक डॉलर नाममात्र पगार देई. त्यांचा खरा पगार त्यांच्या मूळ कंपन्या चालू ठेवीत. कंपनीचा पगार घेणारा मनुष्य सरकारच्या वतीनें कंपन्यांशींच सौदे करणार, यांत धोका आहे हें सांगावयास फार शहाणपण लागत नाहीं. हाउ यांचें उत्तर सरळ होतें : हें काम ज्यांना येतें तीच माणसें बोलाविलीं आहेत, आणि दुसरीं आणावयाचीं कोठून ? संशय पुरता कधींच गेला नाहीं. पण माल बाहेर पडूं लागला.

हे लोक केवळ ऐषारामांत बसून हुकूम सोडीत नव्हते, याचें प्रत्यंतर त्याच वर्षीं आलें. डिसेंबर १९४० मध्यें ब्रिटनला नक्की काय हवें हें समक्ष विचारण्यासाठीं हाउ तीन सहकाऱ्यांसह ‘वेस्टर्न प्रिन्स’ नांवाच्या जहाजानें निघाले. १४ डिसेंबरच्या सकाळीं, आइसलंडच्या दक्षिणेस, जर्मन पाणबुडीनें त्या जहाजावर पाणतीर सोडला. ऐन हिवाळ्यांत अटलांटिक महासागरांत उघड्या होडींत कित्येक तास काढल्यावर एका मालवाहू जहाजानें त्यांना उचललें. मॉन्ट्रियलचे हिशेबतपासनीस गॉर्डन स्कॉट हे मात्र सुटकेच्या ऐन क्षणीं प्राणास मुकले. वर्षाला एक डॉलर घेऊन आलेला हा गृहस्थ हाउ यांचा निकटचा सल्लागार होता. हाउ यांनीं लंडन गांठून ठरलेलें काम पुरें केलें.

ते परतले तों घरीं निराळेंच वादळ. व्हॅंकूव्हरचे अतिश्रीमंत लांकूडव्यापारी एच्. आर्. मॅकमिलन यांना हाउ यांच्याच खात्यांत एका मंडळाचें अध्यक्षपद दिलें होतें. त्यांनीं खात्याच्या कारभारावर कडक टीका केली, वृत्तपत्रांनीं ती उचलून धरली, आणि हाउ यांच्या जागीं मॅकमिलनच हवेत अशी कुजबूज सुरू झाली. हाउ यांनीं पार्लमेंटांत उभें राहून टोरोंटोच्या एका व्यापारी साप्ताहिकास देशांतील पहिल्या नंबरचा घातपाती ठरविलें. टीका म्हणजे घातपात, ही समजूत युद्धकाळांत खपून गेली. पुढें ती त्यांना फार महाग पडली. मॅकमिलन यांच्या बाबतींत मात्र त्यांनीं जें केलें त्यांत त्यांचें खरें चातुर्य दिसतें. प्रतिस्पर्ध्यास हांकलून न देतां त्यांनीं त्याला मॉन्ट्रियलला धाडून मालवाहू जहाजें बांधण्याचें अवाढव्य काम सोंपविलें. मॅकमिलन यांनीं तें उत्तम रीतीनें केलें. दहा हजार टन माल वाहणारीं तीनशेंहून अधिक जहाजें युद्ध संपण्यापूर्वीं कॅनडाच्या दोन्ही किनाऱ्यांवरून पाण्यांत उतरलीं.

त्यांतील एका जहाजाचें नांव मुंबईकरांना सांगावयास नको. ब्रिटिश कोलंबियांत प्रिन्स रूपर्ट येथील गोदींत १९४२ सालीं बांधलेलें ‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत उभें होतें. त्याच्या पोटांत सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्यें आणि वर कापसाच्या गासड्या. आग लागली, दोन स्फोट झाले, गोदी उद्ध्वस्त झाली, शेंकडों माणसें मेलीं, आणि सोन्याच्या विटा दूरवर लोकांच्या घरांत जाऊन पडल्या. जहाजाच्या बांधणीचा यांत कांहीं दोष नव्हता. दोष होता तो असा माल एकत्र भरण्याचा आणि नंतर झालेल्या दिरंगाईचा. पण पॅसिफिकच्या कांठच्या एका लहानशा बंदरांतील कामगारांच्या हातचें काम युद्धानें कोठें आणून सोडलें, हें त्यावरून दिसतें.

जें काम खासगी कारखान्यांकडून होण्यासारखें नव्हतें, त्यासाठीं हाउ यांनीं सरकारी मालकीच्या कंपन्या काढल्या. त्यांची संख्या अठ्ठावीसपर्यंत गेली. दुर्बिणींचें भिंग व रडार यांकरितां एक, कामगारांच्या घरांकरितां एक, बाँबफेकी विमानांकरितां एक. १९४२ च्या आरंभीं जपाननें मलाया घेतला आणि दोस्तांचें रबर तुटलें. त्याच वर्षीं ऑन्टॅरिओंतील सार्निया येथें तेलापासून कृत्रिम रबर करण्याची कंपनी निघाली, आणि १९४३ च्या सप्टेंबरांत तिचें पहिलें रबर बाहेर पडलें. हाउ यांच्या मतदारसंघाशेजारच्या फोर्ट विल्यम येथें आगगाडीचे डबे बांधणाऱ्या कारखान्यांत चौदाशेंहून अधिक ‘हरिकेन’ विमानें तयार झालीं. तेथील मुख्य इंजिनियर एल्सी मॅकगिल ही एक स्त्री होती, आणि लहानपणापासून नव्हे तरी तरुणपणीं आलेल्या पांगळेपणामुळें ती काठीच्या आधारानें चाले. विंडसर व ओशावा येथील मोटारींच्या कारखान्यांतून आठ लाखांवर लष्करी वाहनें निघालीं. उत्तर आफ्रिकेंत व इटलींत लढणाऱ्या आठव्या सेनेजवळ तीं मोठ्या संख्येनें होतीं, आणि त्या सेनेंत मराठा पलटणीहि होत्या.

सर्वांत गुप्त अशी खरेदी युरेनियमची. उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या ग्रेट बेअर सरोवराच्या कांठीं खाण असलेल्या एल्डोराडो कंपनीचे शेअर सरकारनें १९४२ मध्यें गुपचूप घेतले, आणि १९४४ सालीं ती कंपनीच ताब्यांत घेतली. कशासाठीं, हें मंत्रिमंडळांतहि फार थोड्यांना ठाऊक होतें. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं जगाला तें कळलें. ओटावाजवळ चॉक रिव्हर येथें सुरू झालेलें अणुसंशोधनहि हाउ यांच्याच देखरेखीखालीं होतें. तेथील भट्टीच्या धर्तीवर पुढें १९६० सालीं मुंबईजवळ तुर्भें येथें ‘सायरस’ ही भट्टी सुरू झाली.

एवढा माल तयार झाला, पण त्याचे पैसे कोणी द्यावयाचे ? ब्रिटनजवळचे डॉलर संपले होते, आणि कॅनडाला यंत्रें व सुटे भाग अमेरिकेकडून डॉलर मोजूनच घ्यावे लागत. २० एप्रिल १९४१ रोजीं हाइड पार्क येथें रूझवेल्ट व किंग यांच्यांत करार झाला : ब्रिटनसाठीं लागणारे अमेरिकन भाग उसनवार-पट्ट्याच्या योजनेंत धरावे, आणि अमेरिकेनें स्वतःसाठींहि कॅनडाचा माल घ्यावा. लगेच हाउ यांनीं हा माल विकण्यासाठीं आणखी एक कंपनी काढली, आणि ‘वेस्टर्न प्रिन्स’वर त्यांच्याबरोबर असलेले दारूचे कारखानदार ई. पी. टेलर यांना तिच्यावर नेमलें.

या यशाला एक काळी बाजू आहे, ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. जुलै १९४१ मध्यें क्वेबेकमधील आर्व्हिडा येथें अॅल्युमिनियमच्या भट्ट्यांवर कामगारांनीं संप केला. विमानांसाठीं अॅल्युमिनियम म्हणजे प्राण. भट्ट्या थंड पडून आंतला धातु गोठला. हाउ संतापले. हें शत्रूच्या हस्तकांचें काम आहे असें त्यांनीं जाहीर केलें, आणि अशा कारखान्यांत सैन्य पाठविण्याचे अधिकार मागितले. न मिळाल्यास राजीनामा देण्याची भाषा केली. चौकशी समितीस हस्तकांचा मागमूसहि लागला नाहीं. उष्मा असह्य होता, मजुरी अपुरी होती, आणि कामगारांची तक्रार ऐकून घेणारें कोणी नव्हतें, एवढेंच निष्पन्न झालें. मजुरांच्या बाबतींत हाउ यांची दृष्टि नेहमींच आखूड राहिली. यंत्राप्रमाणें मनुष्याचेंहि काम आंकड्यांत मोजतां येतें, असें त्यांना वाटे.

युद्ध संपतांना मात्र त्यांनीं बहुतेकांचा अंदाज चुकविला. पहिल्या महायुद्धानंतर आलेली बेकारी पुन्हां येणार म्हणून सारे धास्तावले होते. १९४४ च्या ऑक्टोबरांत पुनर्रचनेचें खातें हाउ यांना मिळालें. त्यांनीं कारखाने भराभर खासगी उद्योगांस विकले, करांत सवलत देऊन त्यांच्याकडून शांततेचीं यंत्रें बसवून घेतलीं, आणि लाखों कामगार व शिपाई नव्या कामावर रुजू झाले. नोव्हेंबर १९४५ मध्यें पार्लमेंटांत खर्चाच्या एका मागणीवर चर्चा चालली असतां ते म्हणून गेले कीं, एवढ्या मोठ्या युद्धखर्चांतून दहा लाख डॉलर कमी केले तरी तो कांहीं फार महत्त्वाचा प्रश्न नव्हे. विरोधी पक्षाचे जॉन डीफेनबेकर यांनीं त्याचें रूपांतर ‘दहा लाखांची काय मातब्बरी ?’ या सवालांत केलें. हाउ तसें शब्दशः बोललेले नव्हते, पण त्यांच्या तोंडीं तें शोभलें असतें, म्हणून लोकांनीं तें खरें मानलें.

१९४८ पासून लुई सँ लोराँ मुख्य प्रधान, आणि हाउ व्यापारमंत्री. कोरियाच्या युद्धामुळें १९५१ सालीं संरक्षण-उत्पादनाचें खातेंहि त्यांच्याकडे आलें, आणि १९४० सारखे अधिकार पुन्हां हातीं आले. कोरियांतील लढाई थांबली; पण १९५५ सालीं हाउ यांनीं तेच अधिकार कायमचे मागितले. विरोधी पक्षानें कित्येक आठवडे भाषणांवर भाषणें करून विधेयक रोखून धरलें. हाउ हट्टास पेटले. शेवटीं ते मासेमारीच्या सुटीवर गेले असतां सँ लोराँ यांनीं विरोधी पक्षनेते जॉर्ज ड्रू यांच्याशीं तडजोड केली, आणि हे अधिकार १९५९ सालापर्यंतच राहतील असें ठरलें. हाउ यांना हें परत आल्यावर समजलें.

दुसऱ्या वर्षीं तडजोडीला जागाच राहिली नाहीं. अल्बर्टांतील नैसर्गिक वायु नळानें हजारों मैल पूर्वेकडे ऑन्टॅरिओ व क्वेबेकपर्यंत न्यावयाचा, तोहि कॅनडाच्या भूमीवरूनच, ही योजना हाउ यांची. ज्या कंपनीनें हें अंगावर घेतलें, तींत त्या वेळीं अमेरिकन भांडवलदारांचें प्राबल्य होतें, आणि तिला सरकारकडून आठ कोटि डॉलरपर्यंत कर्ज हवें होतें. १९५६ च्या उन्हाळ्यांतच नळ टाकण्यास आरंभ व्हावा म्हणून विधेयक ७ जूनच्या आंत मंजूर व्हावयास पाहिजे होतें. हाउ यांनीं चर्चा सुरू होण्यापूर्वींच चर्चाबंदीच्या ठरावाची सूचना दिली, आणि प्रत्येक टप्प्यावर तो ठराव पास करवून घेतला. गुरुवारीं विरोधकांना दिलेली मुभा सभापतींनीं शुक्रवार, १ जून रोजीं परत घेतली, तेव्हां सभासद जागा सोडून सभापतींच्या आसनापर्यंत धांवले. ‘काळा शुक्रवार’ म्हणून तो दिवस ओळखला जातो. विधेयक मुदतींत पास झालें. नळाची कल्पना चांगली होती, हें तिच्या विरोधकांपैकींहि पुष्कळांनीं मागाहून मानलें. पण एखादी गोष्ट हिताची आहे एवढें ठरलें कीं ती बोलून पटविण्याची गरज उरत नाहीं, हा युद्धांतला रिवाज अकरा वर्षांच्या शांततेनंतर लोकांना सोसेना.

१० जून १९५७ रोजीं निवडणूक झाली. बावीस वर्षें सलग मंत्री राहिलेले, एकाहत्तर वर्षांचे हाउ पोर्ट आर्थरमध्यें एका तरुण शाळामास्तराकडून, समाजवादी पक्षाच्या डग्लस फिशर यांच्याकडून पराभूत झाले. लिबरल पक्षाचीहि सत्ता गेली, आणि दहा लाखांच्या त्या सवालाचे कर्ते डीफेनबेकर मुख्य प्रधान झाले.

त्याच वर्षीं डलहौसी विद्यापीठानें आपल्या या जुन्या प्राध्यापकास कुलपतिपद दिलें. बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवरहि त्यांना सन्मानानें बोलावणीं आलीं, आणि तीं त्यांनीं स्वीकारलीं. ऑक्टोबर १९५८ मध्यें नळाचें काम पुरें होऊन अल्बर्टाचा वायु मॉन्ट्रियलच्या घरांत जळूं लागला. त्याच शहरीं ३१ डिसेंबर १९६० रोजीं हाउ यांचें देहावसान झालें.